पुढच्याचा हात

१

घोलवडच्या चिकूच्या शेडमध्ये अकराला चहा यायचा. बाकीच्या बाया कप उचलायच्या आणि दक्षा फोन उचलायची.

"आला गं तुझ्या देवाचा फोन," रूपी म्हणायची. रूपी मूळची कैनाडची. जिभेला हाड नाही, पण मनानं सोनं. तिच्या घरचे देव वेगळे, दक्षाचा वेगळा. चिकू निवडताना दोघींची मांडी मात्र एकाच गोणपाटावर असायची.

२०१७ चा फेब्रुवारी होता, चिकूचा भर. दक्षाच्या घरची चार माणसं जबलपूरला गेली होती: सासरे लक्ष्याबाबा, सासू बायजी, नवरा उमेश आणि आठ वर्षांची लेक निलम. तलासरीजवळच्या त्यांच्या पाड्यावर येशूला मानणारी विश्वासी घरं जेमतेम सहा, आणि त्यांची प्रार्थना लक्ष्याबाबा चालवत. जबलपूरच्या एका ख्रिस्ती मंडळीनं बोलावणं धाडलं, की आमच्याकडे एक मोठी गल्ली आहे, आठ दिवस या आणि दारोदार प्रार्थना करा. देवानं काम दिलं की म्हातारा आपलं वय विसरायचा. शाळा बुडेल म्हणून दक्षा कुरकुरली, पण आजोबा निघाले की निलम निघणारच. मागं राहिली ती दक्षा, शेडचं काम आणि घरच्या सहा कोंबड्या सांभाळायला.

त्या घरात प्रार्थनेची एक रीत होती. सगळ्यांनी गोल बसायचं, हातात हात धरायचे, डोळे मिटायचे. एकाची प्रार्थना संपली की त्यानं उजव्या बाजूच्या माणसाचा हात हळूच दाबायचा. मग त्याची पाळी. ज्याला मोठ्यानं बोलायचं नसेल त्यानं मनात प्रार्थना करावी आणि पुढच्याचा हात दाबावा. सगळ्यांचं झालं की एकदम 'आमेन'. "साखळी तोडायची नाय," असं लक्ष्याबाबा दरवेळी बजावत.

जबलपुरात रोज अकरा वाजता ते चौघं तसेच गोल बसत आणि फोन मधोमध ठेवत. इकडे दक्षा रिकाम्या खोक्यांच्या थप्पीमागं जाऊन कानाला फोन लावून बसे. आधी लक्ष्याबाबा, मग उमेश, मग बायजी, शेवटी निलम. निलम सहाही कोंबड्यांसाठी नावं घेऊन प्रार्थना करायची. त्यातल्या लंगड्या कोंबडीचं नाव तिनं राणी ठेवलं होतं. दक्षाला तेवढ्यातच हसू आणि रडू दोन्ही यायचं.

२

पाचव्या दिवशी बायजीची प्रार्थना संपली आणि निलमची सुरू झाली नाही.

दक्षाला वाटलं, रेंज गेली. पण रेंज गेली नव्हती. पलीकडच्या गल्लीत कोणी भाजीवाला 'मटर लो, मटर' ओरडत गेला, ते स्वच्छ ऐकू आलं. कुठं तरी नळ गळत होता. तिघा-चौघांचे श्वास येत होते. एखादा माणूस मनात प्रार्थना करेल तेवढा वेळ गेला, आणि मग निलमचा आवाज आला.

त्या दिवशी तिनं कोंबड्यांची नावं घेतली नाहीत.

"मधी कोण थांबलेलं?" दक्षानं उमेशला विचारलं.

"कोण नाय. आईनंतर निलम."

"आणि दोघींच्या मधी?"

"मधी कोण असणार? चौघंच तर आहोत," उमेश हसला. "तुला ऊन लागलं काय शेडमध्ये?"

सहाव्या दिवशी तेच झालं. सातव्या दिवशीही. दक्षानं दरवेळी मोजलं. चार आवाज, आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधे एक पाळी मुकी. तिकडच्या मंडळीतला कोणी येऊन बसत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण मग उमेश तसं सांगत का नाही? आठ वर्षांची पोर, परकं शहर, परकी खोली. दक्षाच्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली ती गप्प बसेना.

३

परतीच्या दिवशी ते शटल गाडीनं घोलवडलाच उतरले, म्हणजे दक्षाला शेडवरून बरोबर घेता येईल. निलम धावत आली आणि आईला बिलगली, पण एकाच हातानं. डावा हात तिनं अंगापासून थोडा दूर धरला होता.

"लागलं काय गं?"

"नाय."

दक्षानं हात उलटापालटा करून पाहिला. ना जखम, ना सूज. सोडल्याबरोबर हात पुन्हा होता तिथं गेला.

पाड्याकडे जायला ओळखीच्या हाल्याची टमटम मिळाली. समोरच्या बाकावर बाबा नि उमेश, मागच्या बाकावर दक्षा, निलम, बायजी. निलम आईला इतकी चिकटून बसली की दक्षाचा खांदा लोखंडाला घासू लागला, आणि निलमच्या डावीकडे, तिच्या नि बायजीच्या मधे, हातभर जागा मोकळी.

वाटेत झरी गावाला हाल्यानं आणखी एक बाई घेतली. "पोरी, सरक ना तिकडं, मावशी बसंल."

"जागा नाय," निलम म्हणाली.

"एवढी मोठी जागा दिसते आणि नाय काय बोलतेस?"

निलम बाहेर बघत राहिली. बायजीनं नातीची बाजू घेतली, पोर दमलीय म्हणाली, आणि ती बाई पुढं हाल्याजवळ बसली.

त्या दिवसापासून दक्षा बघत राहिली. शेताच्या बांधावरून चालताना निलम मधून चालत नसे. उजव्या कडेनं, एक पाय घसरता ठेवून चाले. जेवायला बसली की डावीकडे हातभर जागा सोडी. आणि जिन्नस डाव्या हातात द्यावा तर उजव्या हातानं घेई.

४

दक्षाची शंका सरळ होती, आणि कुठल्याही आईला येईल तीच होती. परक्या शहरात कोणीतरी पोरीच्या अंगाला हात लावला, घरच्यांना ते कळलं, आणि आता सगळे मिळून झाकताहेत. दोन दिवस तिला घास गेला नाही.

तिनं तिघांना वेगवेगळं गाठलं. उमेश ताकास तूर लागू देईना. "पोर कायम आमच्याजवळ होती, दक्षा. देवाशपथ." बाबांनी म्हटलं, सगळं चांगलं झालं, एकशेबारा दारं झाली, एकही सोडलं नाही. बायजी तांदूळ निवडता निवडता एवढंच बोलली, "पोरीला डॉक्टरकडं ने एकदा. प्रार्थनेत तिचा हात माठाच्या बुडासारखा गार लागतो."

"कुठला हात?"

"माझ्याकडचा. डावा."

दक्षा उठली आणि अंगणात कोंबड्यांमागं फिरणाऱ्या निलमचा डावा हात तिनं धरून पाहिला. उन्हात खेळणाऱ्या पोराचा असतो तसा तो गरम होता.

पाणी कुठंतरी मुरत होतं. तिनं निलमला विहिरीवर नेलं, तिची वेणी सोडली, आणि केस विंचरता विंचरता विचारलं, "तिकडं कोणी तुझा हात धरला काय, निलू?"

निलमनं काठावरचा खडा उचलून विहिरीत टाकला. मग म्हणाली, "एक घर बंद होतं. आजोबा बोलले, यांना कसं सोडायचं? मग आम्ही दारासमोर गोल केला."

"बंद दारासमोर?"

"दाराला पण गोलात घेतलं. आजीनं एक हात दाराला लावला, मी एक लावला. आजीनंतर पाळी दाराची होती."

"मग?"

"मग मी वाट बघितली," निलम म्हणाली. "आणि आतून हात दाबला."

कंगवा केसांत तसाच राहिला. तिला वाटलं, बिचारी आत कोणी म्हातारी असेल, आजारी, तिनं आतून दार ढकललं असेल. लाकूड हललं की हाताला कळतं. हे सगळं पटण्यासारखं होतं. तरी तिनं कंगवा धुऊन टाकला, आणि का धुतला ते तिला सांगता आलं नसतं.

५

बुधवारी सकाळी सातला घरची प्रार्थना असे. कामाला जायच्या आधी, दार उघडं, अंगणातलं ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं. पाचजण गोल बसले: लक्ष्याबाबा, उमेश, दक्षा, बायजी, निलम. बायजीच्या उजवीकडे निलम बसली, थोड्या अंतरावर. हात धरले, डोळे मिटले.

बाबांची प्रार्थना झाली. उमेशची झाली. दक्षानं दोन वाक्यं म्हटली आणि बायजीचा हात दाबला. बायजीची लांबलचक झाली, तिचे गुडघे, तिची बहीण, सगळ्यांसाठी. मग ती थांबली.

आणि मुकी पाळी सुरू झाली.

दक्षा लग्न होऊन या घरात आल्यापासून, दहा वर्षांत, तिनं प्रार्थनेत एकदाही डोळे उघडले नव्हते. तिला स्वतःची लाज वाटली. तरी तिनं उघडले.

सगळे मान खाली घालून शांत बसले होते. बायजीचा उजवा हात पुढं होता, निलमचा डावा हातही पुढं होता. पण त्या दोन हातांत वीतभर अंतर होतं. दोन्ही हात अधांतरी होते, आणि दोन्ही पंजे अर्धे मिटलेले, काहीतरी धरल्यासारखे. बायजीच्या चेहऱ्यावर समाधान होतं. नातीचा हात धरलाय या समाधानात ती बसली होती.

दक्षा निलमच्या बोटांकडे बघत राहिली. बघता बघता ती चार बोटं एकमेकांजवळ गेली आणि कडेनं पांढरी पडली. मग पुन्हा लाल झाली.

"देवा, आमेन," निलम घाईनं म्हणाली. तेवढीच तिची प्रार्थना.

६

शेडवर न जाता दक्षा सासऱ्यांच्या मागं कुंपणाच्या कुडापर्यंत गेली आणि तिनं सगळं सांगितलं. लक्ष्याबाबा रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. हातातली फांदी खाली ठेवून ते दगडावर बसले.

"मला वाटलं म्हातारपण आलं, मोजायला चुकतो," ते म्हणाले. "तिकडं रोज मोजत होतो मी पण."

"त्या घरात कोण होतं, बाबा?"

"कोण नव्हतं. बाहेरून कुलूप होतं. हातात धरून बघितलं मी, गंजलेलं. शेजारचे बोलले, वर्षं झाली उघडून."

"मग कशाला केली तिथं प्रार्थना?"

"एकही दार सोडणार नाय, असं देवाला बोललो होतो ना." म्हातारा ओशाळला होता. "नव्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकाच्या मागं जायचं, हेच आयुष्यभर शिकवलं मी. मी बोललो, बापा, या घरात जे कोणी असेल त्याला आमच्या घरात जागा दे. आमच्यात बसव."

"मागं घ्या ते बोलणं."

"घेतलं. चार दिवस झाले, रोज मागं घेतोय." त्यांचा आवाज बारीक झाला. "दक्षा, मी घरात घे म्हणालो, ते त्या बंद दाराला म्हणालो. देवानं ऐकलं का आणखी कोणी, ते मला कळत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुद्दाम पुन्हा प्रार्थनेला बसले, पण दक्षाच्या हट्टानं त्यांनी गोल केलाच नाही. प्रत्येकानं आपापले हात जोडायचे ठरलं. उमेशला कारण सांगितलं नाही. तो बापाच्या तोंडाकडे बघत बसला. लक्ष्याबाबांनी पहिलं वाक्य उच्चारलं आणि निलम किंचाळली.

तिनं उजवा हात छातीशी घेतला होता, डावा मात्र बाजूला ताणलेला. बोटं एकमेकांवर चढली होती, नखं निळी पडली होती. उमेशनं झेप घेऊन तिचा हात खेचला, पण तो जागचा हलेना. आठ वर्षांच्या पोरीचा हात, आणि तो धडधाकट माणूस. "धरा!" बायजी ओरडली. "अरे हात धरा सगळ्यांनी!" चौघांनी घाईघाईनं गोल केला तेव्हा निलमची बोटं सुटी झाली. ती मुसमुसत राहिली आणि बाप तिचा हात चोळत राहिला. आता उमेशही काही विचारत नव्हता.

दक्षाला मात्र एक गोष्ट कळली होती. जे कोणी होतं ते कोणाला मारायला आलेलं नव्हतं. त्याला पाळी हवी होती, आणि पाळी संपली की पुढच्याचा हात हवा होता. आणि पुढची तिची लेक होती.

७

रविवारी घरच्या प्रार्थनेला दक्षा आपल्या जागेवर बसली नाही. ती सासू आणि लेक यांच्या मधल्या वीतभर जागेपाशी आली, लेकीला उजवीकडे थोडं सरकवलं, आणि गुडघे दुमडून तिथंच बसली. तिनं निलमचा डावा हात आपल्या उजव्या हातात घेतला. तो गरम होता. मग तिनं आपला डावा हात बाजूला केला, आणि तो कोणाच्या हाती जाईल ते बघितलं नाही. डोळे घट्ट मिटून घेतले.

माठाच्या बुडासारखं गार. बायजी बरोबर बोलली होती.

बाबांची प्रार्थना झाली. उमेशची झाली. बायजीची आज आखूड झाली. मग ती शांतता आली. दक्षाच्या डाव्या बाजूला श्वासही नव्हता, फक्त कोणीतरी खूप मन लावून बसल्यासारखं वाटत होतं. आपण हे सहन करू शकणार नाही असं तिला वाटलं, आणि तरीही ती बसून राहिली.

मग तिचा डावा हात दाबला गेला. हळूच, रीतीप्रमाणे.

"बापा," दक्षा मोठ्यानं म्हणाली, "जागा दिली ती माझ्याजवळ आहे. पोरीजवळ नाय. मी आई आहे, मी बसते इथं. आमेन."

आता निलमचा हात दाबायचा होता. उजव्या हाताची बोटं आपोआप वळू लागली, दहा वर्षांची सवय ती. दक्षानं दात आवळले आणि निलमचा हात सोडून दिला. साखळी तुटली. त्या घरात पहिल्यांदा तुटली. डाव्या हातावरचा दाब वाढला, पण तिनं तोंडातून आवाज काढला नाही.

"निलू," ती म्हणाली, "तू कर आता. तशीच कर."

निलमनं डोळे उघडून आधी आईकडे पाहिलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. तो तिनं मांडीवर ठेवला, उलटा केला, सुलटा केला. मग दोन्ही हात जोडून ती बोलू लागली, आणि थांबेचना. सहाही कोंबड्या झाल्या, राणीचा पाय झाला, राणीची अंडी झाली. लक्ष्याबाबा लहान मुलासारखे रडत होते.

त्या दुपारी निलम बांधावरून मधोमध पळत गेली, दोन्ही हात पसरून.

८

शेडमध्ये दक्षा गोणपाटाच्या उजव्या कडेला बसू लागली.

"अर्धी जमिनीवर बसलीस गं," रूपी म्हणाली. "इकडं एवढी जागा हाय, सरक ना."

"असू दे."

"कोण यायचंय काय तिथं?"

दक्षा हसली आणि चिकू निवडत राहिली, एकाच हातानं. रूपीनं मग तिला काही विचारलं नाही, पण उठून ती पलीकडे तिच्या उजवीकडे येऊन बसली, गप्पा मारायला बरं म्हणून. दक्षानं आपला उजवा हात झटकन पदरात घेतला. त्या दिवसापासून खोकी भरायचं काम तिला जमेना, आणि शेठची बोलणी ती ऐकून घेऊ लागली.

कारण दाब आता प्रार्थनेची वाट बघत नव्हता. टमटममध्ये, चुलीपुढं, विहिरीवर, केव्हाही डाव्या हातावर तो येई, हळूच. तुझं झालं, आता पुढच्याला दे, एवढंच तो सांगत असे. आणि दरवेळी तिचा उजवा हात वळवळायचा. तिनं तो कोणाला धरू दिला नाही. उमेशलाही नाही. तो कुशीला वळला की ती भिंतीकडे तोंड करी, आणि भिंतीच्या नि तिच्या मधे हातभर जागा राही.

मार्चमध्ये एका दुपारी ती शेडवरून परतताना शाळा नुकतीच सुटली होती. निलम फाटकातून धावत आली, दप्तर पाठीवर उडत होतं. दक्षाला हात पदरात घ्यायलाही वेळ मिळाला नाही. पोरीनं रोजच्यासारखा, पूर्वीसारखा, तिचा उजवा हात घट्ट धरला आणि ती शाळेतलं सांगू लागली. दोघी चालू लागल्या. किती दिवसांनी लेकीचा हात हातात आला होता. दक्षाच्याने तो सोडवेना.

रस्ता वळला तिथं डावीकडून दाब आला.

दक्षानं उजव्या हाताची बोटं काठीसारखी ताठ केली. दाब वाढला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं पाऊल थांबवलं नाही. घर दिसत होतं, अंगणात राणी लंगडत फिरत होती, अजून शंभर पावलं होती.

निलमनं तिचा हात दोनदा दाबला, लाडानं, आणि वाट बघितली.

"आये," ती वर बघत म्हणाली, "तू का नाय दाबत?"